देवनहळ्ळीच्या साइटखालचा गॅस

६ जानेवारी, सोमवार

रिटायर झाल्यापासून रोजनिशी लिहायचं मनात होतं. आज मुहूर्त लागला. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. डोक्यात इतके विचार येतात की ते कुठेतरी उतरवून ठेवणं भाग आहे.

सकाळी रविकिरणचा फोन. हा आमच्या बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दर वाक्याला 'अ‍ॅक्च्युअली' म्हणतो. यंदाच्या वादसभेत बोलाल का, विचारलं. विषय फ्रॅकिंग. भारताने करावं की नाही. प्रतापराव 'करावं' म्हणणार आहेत, तुम्ही 'नको' म्हणा. मी म्हटलं, अवश्य. या विषयाचा मला स्वतःला अनुभव आहे, गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडलो तेव्हा मनगटाला झालं होतं.

त्याने विषय पुन्हा एकदा वाचून दाखवला. मग म्हणाला, "सर, अ‍ॅक्च्युअली हे गॅसचं आहे."

मी म्हटलं, तेच तर म्हणतोय. तत्त्व एकच.

७ जानेवारी, मंगळवार

दिवसभर इंटरनेटवर वाचन. जमिनीत खूप खोल शेल नावाचा खडक असतो, त्यात गॅस अडकून बसलेला असतो. वरून पाणी, वाळू आणि थोडं केमिकल प्रचंड दाबाने आत सोडायचं, खडकाला भेगा पाडायच्या, की गॅस वर येतो. म्हणजे खडकाचं फ्रॅक्चरच. मी चुकलो नव्हतो.

शिवाय यात मुख्य काम पंपाचं. आणि मी आयुष्यभर पंप विकले. पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या सेल्समध्ये होतो. जमिनीच्या पोटात काय चालतं हे मला आतून माहीत आहे.

माझा मुद्दा ठरला: पाणी. एकेका विहिरीला तळंभर पाणी लागतं म्हणे. आमच्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात टँकरसाठी लोक बनियनवर रस्त्यात उभे होते. अशा देशाने खडकाला पाणी पाजावं का? वाक्य फार चांगलं झालं. बाथरूममध्ये ते वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. बायकोने, म्हणजे अनुसूयेने, बाहेरून सांगितलं की नळ चालू आहे.

१२ जानेवारी, रविवार

कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानं कॉफी घेताना प्रतापराव भेटले. हे निपाणीचे. बेळगावकडची माणसं बोलतात तसं मोकळं, रांगडं बोलतात, आणि लोकांना ते आवडतं. गेल्या वर्षीची वादसभा त्यांनीच मारली होती. परीक्षक बहुधा बेळगावकडचे असावेत. शहराबाहेर देवनहळ्ळीला त्यांची साइट, म्हणजे प्लॉट, आमच्या साइटला लागून आहे, मधे फक्त कुंपण. आमची मोकळी. त्यांनी मात्र दोन खोल्या बांधून त्याला फार्महाऊस नाव दिलंय, आणि दर शनिवार-रविवार तिथे पाहुण्यांची जत्रा असते.

मी सहज विचारलं, तयारी कुठवर आली. म्हणाले, "कसली तयारी बिंदुराव? आपण गॅस बाहेरून आणतो, घरात असला तर काढावा की. एवढंच बोलायचं."

घाबरलेला माणूस असंच थोडक्यात बोलतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तीळगूळ, इकडचं तिळाचं एळ्ळु-बेल्ल, सगळं डब्यात भरून देवनहळ्ळीला गेलो. अनुसूयेचा हट्ट. या महिनाअखेरीला तिथे घराची भूमिपूजा ठरली आहे, त्याआधी तिला जागा पुन्हा पाहायची होती. आम्ही राजाजीनगरात भाड्याने राहतो, वरच्या मजल्यावर, कुंडीत तुळस. तिला खाली जमीन हवी. ती साइटवर चालत होती आणि बोटाने दाखवत होती: इथे स्वयंपाकघर, इथे कढीपत्ता, इथे अंजीर. मी हो हो म्हणत होतो. माझं लक्ष दुसरीकडे लागलं होतं.

कुंपणाजवळ आमची जुनी बोअरवेल आहे. कधीच आटलेली. तिच्या पाइपवर दगड ठेवलाय. दगड सरकवला तर आतून गुडगुड आवाज. कान लावला. आटलेल्या बोअरमध्ये पाणी! बुडबुडे. आणि वास.

माझ्या अंगावर काटा आला. आठवडाभर मी याच बुडबुड्यांचे व्हिडिओ पाहतोय.

अनुसूया म्हणाली, अहो, स्वल्प मागे व्हा. पण विज्ञानात मागे होऊन चालत नाही. काडी ओढली आणि पाइपपाशी नेली.

निळी ज्योत. अगदी शेगडीसारखी. एकच क्षण.

डावी मिशी अर्धी गेली. दिलेल्या किमतीत शोध स्वस्तच पडला.

१५ जानेवारी, बुधवार

उजवी मिशीही काढली. अनुसूया म्हणते, तरुण दिसता. मग जरा वेळाने म्हणाली की तसं नाही, वेगळे दिसता.

रात्रभर विचार करून माझं मत बदललं आहे. घाई न करता, सर्व बाजूंनी. फ्रॅकिंगला विरोध करणं म्हणजे देशाच्या प्रगतीला विरोध. पाण्याचा बाऊ लोक उगाच करतात. समुद्र पडलाय की एवढा.

रविकिरणला फोन करून सांगितलं, मी 'करावं' या बाजूने बोलणार. त्याने कारण विचारलं. म्हटलं, सदसद्विवेक. तो म्हणाला, मग प्रतापरावांना विचारावं लागेल. तासाभरात त्याचा फोन: प्रतापरावांना काही हरकत नाही, त्यांना दोन्ही बाजू पटतात.

ज्याला दोन्ही बाजू पटतात तो वक्ता नव्हे.

१८ जानेवारी, शनिवार

सौम्या आली. आमची मुलगी, इथेच पाण्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. तिला विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. तिने आधी माझ्या ओठाकडे पाहिलं, मग आईकडे, मग म्हणाली, "अप्पा, आपल्याखाली शेल नाहीच. बेंगळूरच्या खाली सगळा ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आहे. त्यात शेल गॅस कुठून येणार?"

मी तिला विचारलं, मग काय पेटलं? तिला लगेच सांगता येईना. पुस्तकी शिक्षणाची हीच अडचण. म्हणाली, बोअरमधलं बाटलीभर पाणी दे, टेस्ट करते, आणि तोवर तिथे काडी ओढू नकोस, प्लीज.

संध्याकाळी देवनहळ्ळीला जाऊन बाटली भरून दिली. आता शास्त्रीय पुरावाही येईल.

२० जानेवारी, सोमवार

भूमिपूजा पुढे ढकलली. इंजिनिअरला सांगितलं, भटजींनाही सांगितलं. ज्या जमिनीखाली एवढं धन आहे तिच्यावर स्वयंपाकघर कोण बांधतं? उद्या कंपनी आली, मशीन लागलं, तर अंजिराचं काय?

अनुसूयेला दुपारी चहाच्या वेळी समजावून सांगितलं. देशाची ऊर्जा, आयात, कोळशापेक्षा कमी धूर, सगळं. तिने ऐकून घेतलं. "सरी," म्हणजे बरं, म्हणाली आणि कप उचलले.

इतक्या सहज पटेल असं वाटलं नव्हतं. बायकोला मुद्दे नीट मांडले की पटतात.

२१ जानेवारी, मंगळवार

अनुसूया सकाळच्या गाडीने धारवाडला अक्काकडे गेली. काही दिवस राहणार म्हणाली. बरंच झालं, मला अभ्यासाला शांतता मिळेल.

डब्यात चित्रान्न होतं. दुपारी संपलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज जरा धक्का. वाचताना कळलं की जमिनीखालचा तेल-गॅस जमीनमालकाचा नसतो, सरकारचा असतो. आपल्याला फक्त वरच्या मातीची भरपाई.

तासभर फ्रॅकिंगच्या विरोधात होतो. काय काय आठवलं. भूजल बिघडतं, लहान लहान भूकंप होतात, गॅस गळतो, काही देशांनी बंदी घातली आहे. हे सगळं मी आधी वाचलंही होतं, पण त्याचं गांभीर्य आजच जाणवलं.

मग मार्ग सापडला. फ्रॅकिंग करावं, पण मालकाला वाटा द्यावा. याला पलटी म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात. भाषणात घातलं.

रात्री उप्पीट केलं. पाण्याचा अंदाज चुकला. चमच्याने प्यायलो.

२६ जानेवारी, रविवार

मंडळाच्या झेंडावंदनाला प्रतापरावांना बाजूला घेतलं. डाव आखून गेलो होतो. गॅसचा पट्टा बोअरपाशी आहे, म्हणजे कुंपणाच्या पलीकडेही असणार. म्हटलं, प्रतापराव, तुमची कुंपणालगतची पट्टी मला विकता का?

ते बघतच राहिले. म्हणाले, "ती कशाला पाहिजे तुम्हाला? त्या बाजूला काही नाही हो, तिथं आमचा फक्त..."

मी त्यांना मधेच थांबवलं. समोरच्याला मालाचं वर्णन करू दिलं की तो भाव चढवतो, हा सेल्समधला पहिला धडा. म्हटलं, काय आहे ते मला माहीत आहे आणि ते आहे म्हणूनच मला ती पट्टी हवीय.

प्रतापराव फार विचित्र नजरेने पाहू लागले. मग खांद्यावर हात ठेवून विचारलं, वहिनी कधी येणार आहेत. विषय बदलत होते. त्यांना संशय आलाय.

३० जानेवारी, गुरुवार

अनुसूयेला फोन केला. मी म्हटलं, भाषण पाठ झालं. ती म्हणाली, अक्काच्या परसात अंजिराची काडी लावली होती, तिला पान फुटलंय. मी म्हटलं, ऐक ना, शेवट कसा वाटतो. ती म्हणाली, कुकरची शिट्टी होतेय.

वादसभेला येणार का, विचारलं. बघते म्हणाली.

शेवट मी फोन ठेवल्यावर म्हटला. फोनचं बटण नीट दाबलं गेलं नव्हतं, कॉल चालूच होता. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

वादसभा झाली. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. मागच्या खुर्च्यांत सौम्या, आणि तिच्या शेजारी अनुसूया. सकाळी धारवाडहून थेट आली होती. मला नुसती मान हलवून दाखवली.

मी आधी बोललो. पहिली पाच मिनिटं देशाची ऊर्जा. लोक शांत होते, काही मोबाइल बघत होते. मग मी ठरवल्याप्रमाणे बॉम्ब टाकला. म्हटलं, मंडळी, तुम्ही पेपरात वाचून बोलता. मी जळून बोलतो. माझ्या देवनहळ्ळीच्या साइटखाली गॅस आहे.

सगळे मोबाइल खाली गेले. मी बोअरचं वर्णन केलं, बुडबुडे सांगितले, वास सांगितला, ज्योत सांगितली. मिशीची जागा दाखवली. बायकांच्या बाजूने 'अय्यो' असा आवाज आला. मी म्हटलं, जमिनीखाली जे आहे ते देशाचं आहे, पण त्यात जमीनमालकाचाही वाटा आहे, आणि मी माझा वाटा अभिमानाने स्वीकारतो.

प्रचंड टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली.

मग प्रतापराव उठले. हातात कागद नव्हता. पहिल्यांदा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"बिंदुराव, तुमची बोअर नक्की कुठे आहे?"

म्हटलं, कुंपणाला लागून. तुमच्या फार्महाऊसच्या मागे.

"मागे म्हणजे, आमच्या पेरूच्या झाडाकडे?"

म्हटलं, बरोबर त्याच्या समोर.

प्रतापरावांचा चेहरा उतरला. टेबलाला हात टेकून जरा उभे राहिले. वास कसा आहे, असं काहीतरी पुटपुटले आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "मंडळी, मला आज जास्त काही बोलायचं नाही. एवढंच म्हणतो, जमिनीच्या पोटात एका जागी काही सोडलं तर ते कुठे जाऊन निघेल ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मी नको म्हणतो." आणि बसले.

गेल्या वर्षीचा विजेता असा दोन वाक्यांत आटोपला. मी त्यांची कीव केली.

मग श्रोत्यांचं मतदान. हात वर करून. 'करावं' या बाजूला मी, आणि एक गृहस्थ ज्यांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. बाकी सगळा हॉल 'नको'. रविकिरण मला समजावत होता, सर, अ‍ॅक्च्युअली तुमचं भाषण इतकं इफेक्टिव्ह झालं की सगळे घाबरले.

घरी येताना शांतपणे विचार केला. मुळात मला बाजू 'नको' हीच दिली होती. त्या बाजूला एवढी मतं माझ्या भाषणाने मिळाली. म्हणजे मी मूळ बाजूने जिंकलोच.

अनुसूया आज रात्री सौम्याकडे राहिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सौम्याच्या लॅबचा रिपोर्ट आला. तिने फोनवर वाचून दाखवला. पाण्यात सांडपाणी आहे. स्पष्टच बोलली: संडासाचं. जवळपास कुठेतरी सेप्टिक टाकी झिरपत असणार, कुजून मिथेन होतो, बोअरच्या पाइपात साठतो, तोच पेटला.

मी विचारलं, शेलची शक्यता किती? ती म्हणाली, अप्पा.

आणि फोन ठेवला.

संध्याकाळी प्रतापराव आले. सोबत बायको, हातात बेळगावी कुंद्याचा डबा. बसले आणि आधी पाणी प्यायले. म्हणाले, "माझी चूक झाली, बिंदुराव. फार्महाऊस बांधताना मिस्त्री म्हणाला, खाली सिमेंट कशाला, मातीच पिऊन घेते. मी हो म्हटलं. पेरूच्या झाडाखाली आमचा तो खड्डा आहे. तुम्ही बोअरची जागा सांगितली आणि माझ्या लक्षात आलं. पण एवढ्या लोकांत तुमच्यासमोर कसं बोलायचं. परवाच माणसं लावली, खड्डा उपसून नवी टाकी करतोय."

मग म्हणाले, "आणि ती पट्टी तुम्ही मागितलीत ना, तेव्हा मला वाटलं, वहिनी नाहीत तर तुमचं जरा..." त्यांनी डोक्याजवळ बोट नेलं आणि त्यांच्या बायकोने ते खाली ओढलं.

म्हणजे मी तीन आठवडे ज्या गॅससाठी भांडलो तो प्रतापरावांच्या पाहुण्यांचा होता.

भरल्या सभेत त्यांना एक वाक्य बोलून मला झोपवता आलं असतं. बोलले नाहीत. हे मी इथे लिहून ठेवतो, त्यांना सांगणार नाही. चढून बसतील.

कुंदा उत्तम होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

अनुसूया घरी आली. पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली अंजिराची काडी काढली आणि पाण्यात ठेवली. मी तिला म्हटलं, शास्त्रात अशा चुका होतात, मोठमोठ्यांच्या झाल्या आहेत.

ती माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सौम्या शाळेत जायची तेव्हापासून ते घर माझ्या डोक्यात आहे. कुठे काय ठेवायचं, सगळं. तुम्ही ते एका वासापायी मोडलंत, आणि मला विचारलंसुद्धा नाही. चहा पिताना कळवलंत."

मी उठून काडीचं पाणी बदललं. ते स्वच्छच होतं. 

नंतर मी तिच्यासाठी कॉफी केली. साखर विसरलो. ती तशीच प्यायली. मग इंजिनिअरला मीच फोन केला, आणि तो 'कुठली तारीख' म्हणाला तेव्हा फोन तिच्या हातात दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

फ्रॅकिंगबद्दल माझं अंतिम मत: हा विषय गुंतागुंतीचा आहे. ज्याच्या जमिनीखाली आहे त्याला करावंसं वाटतं, ज्याच्या शेजाऱ्याच्या जमिनीखाली आहे त्याला नको वाटतं, आणि पाणी दोघांचं एकच असतं. हे वाक्य वादसभेत सुचायला हवं होतं. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला, प्रतापरावांचा.

नंतर तीन जणांचे पर्सनल मेसेज आले. तिघांनाही आपापल्या सेप्टिक टाकीबद्दल विचारायचं होतं. लोक आता माझ्याकडे तज्ज्ञ म्हणून बघतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

भूमिपूजा झाली. प्रतापराव दोघं, सौम्या, रविकिरण, सगळे आले. मी चार शब्द बोलणार होतो, पण भटजी म्हणाले मुहूर्त लहान आहे. नारळ धरून उभा राहिलो.

पूजेनंतर इंजिनिअरने चुन्याने खोल्या आखल्या. अनुसूया चपला काढून स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. काही करत नव्हती, नुसती उभी होती. ऊन चांगलंच होतं, तरी बाहेर येईना. मी छत्री घेऊन गेलो आणि तिच्यावर धरली. ती म्हणाली, "तुम्ही भिंतीवर उभे आहात." मी सरकलो.

मग तिने विचारलं, तुम्हाला घरात कुठे काय हवंय, एकदा सांगून टाका. मी ईशान्येकडचा मोकळा कोपरा दाखवला. वारा, झाड, नंदीबेट्टाकडचं आकाश. तिथे माझी अभ्यासिका, वाचायला आणि लिहायला.

इंजिनिअरने नकाशा बघितला, टेप लावली, आमची बोअर बघितली, कुंपणापलीकडची प्रतापरावांची बोअर बघितली, प्रतापरावांची नवी टाकी बघितली. मग अगदी आदराने म्हणाला, सर, दोन्ही बोअरपासून पुरेसं लांब राहायचं तर सेप्टिक टाकीला पूर्ण साइटवर तोच एक कोपरा उरतो.

प्रतापराव आकाशाकडे बघू लागले. अनुसूया आधी पदर तोंडाशी नेऊन हसली, मग पदर सोडून हसली, मग सौम्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच.

सार्वजनिक हिताचा विचार करून मी तो कोपरा मोठ्या मनाने सोडला.

अभ्यासिका आता जिन्याखाली. खिडकी नाही, आणि उभं राहिलं की डोकं लागतं. पण विचार काय, बसूनच करायचे असतात.